न मागितलेला कौल

आईच्या ब्लाउजला राख लागलेली मी तीनदा पाहिली होती. तिन्ही वेळा झटकली आणि कपडे मशीनमध्ये टाकले. चौथ्यांदा ब्लाउज पांढरा होता, डाग जाईना, आणि मी तिथूनच ओरडले, "आई, अंगारा कपाळाला लावतात गं, छातीला नाही." आतून उत्तर आलं नाही. आमची आई एका शब्दाला चार शब्द परत करणारी बाई. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला कळतं. मी ओल्या हातांनीच आत गेले.

गाठ डाव्या बाजूला होती, सुपारीपेक्षा जरा मोठी. चार महिने ती तिथे होती आणि चार महिने आई रोज आंघोळीनंतर तिला गावच्या देवीचा अंगारा लावत होती. याच चार महिन्यांत मी परळच्या एका लॅबमध्ये रोज अशाच गाठींचे काप काढत होते. घरातली तेवढी मला दिसली नाही. मला भयंकर राग आला. तिचा जास्त की माझा जास्त, ते आजही सांगता येणार नाही.

माझं काम सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, मेणाची वडी मशीनवर लावून तिचे केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचे. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट. कॅन्सर आहे की नाही, ते त्या बघून सांगतात. वीस वर्षं मी हेच करते आहे. वडीवर माणसाचं नाव नसतं, नंबर असतो. ते बरंच आहे. नाव दिसलं की हात जड होतो आणि काप जाड येतो. म्हणून आपल्या माणसाची वडी आपण कापायची नाही, असा आमच्याकडे कुठेही न लिहिलेला नियम आहे.

आईच्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईने तो कापला. दोन दिवसांनी मॅडमनी मला आत बोलावलं आणि उठून दार लावलं. मॅडम कधीच दार लावत नाहीत.

सर्जन डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "गाठ काढावी लागेल, काखेतल्या ग्रंथीही तपासाव्या लागतील. आत्ता तरी पसरलेलं दिसत नाही, पण थांबू नका." त्यांनी पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला. मी वही काढून सगळं लिहून घेतलं: किती टाके, नळी किती दिवस, हात कधी वर उचलायचा. आई मान डोलावत होती. लिफ्टने खाली आलो आणि ती म्हणाली, "आधी देवीचो कौल घेवया."

आमचं गाव कणकवलीच्या पुढे. तिथे कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. देवीच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. कधीकधी एकही पडत नाही. मग गुरव तिथेच बसून राहतो, तासन्‌तास, जेवणखाण सोडून. लहानपणी मेच्या सुट्टीत मी हा प्रकार खूपदा पाहिला आणि मोठी झाल्यावर त्याची यथेच्छ टिंगल केली. पाणी सुकतं, पाकळी पडते. यात देवी कुठे आली, असं मी आईला विचारायचे. आणि न पडणाऱ्या पाकळीपुढे दिवसभर बसणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग नाही का, असंही.

एक सांगून टाकते. दसऱ्याला लॅबमधल्या त्या काप काढणाऱ्या मशीनला मी हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते, आणि त्या दिवशी तिच्यावर काही कापत नाही. सगळेच करतात म्हणून मीही करते, अशी माझी समजूत होती. लॅब एका कप्प्यात आणि देव दुसऱ्या कप्प्यात, मधलं दार बंद. हे दार उघडणाऱ्या लोकांचा मला वैताग होता, कारण ते बहुतेक फसवे असतात. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्या मते घंटेच्या नादाने पेशी दुरुस्त होतात आणि हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. आईच्या आजाराचं कळल्यावर ते घरी येऊन 'सकारात्मक ऊर्जा' या विषयावर अर्धा तास बोलले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. बिघडलेली पेशी कशी दिसते हे मी रोज पाहते. ती घंटा ऐकत नाही.

तरी मी कौलाला हो म्हटलं. आईशी भांडायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनात हिशेब केला की उजवा पडायची शक्यता निम्मी आहे. आईच्या जिवावर नाणं उडवायला मी तयार झाले. रविवारी सकाळी आईने गुरवाला फोन लावला तेव्हा मी लॅबमध्ये होते, आमची रविवारीही अर्धी पाळी असते. दुपारी घरी आले. आई खिडकीपाशी बसली होती.

"काय झालं?"

"डावो पडलो. देवीन नाय म्हटल्यान." मग जरा थांबून, "माका कापूचा नाय."

गुरुवारला चार दिवस होते.

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि दिवसभर भांडले. सकाळीच नाक्यावरच्या दुकानातून छापून आणलेले बारा कागद तिच्यापुढे मांडले. गाठ न काढता ठेवली तर काय काय होतं, त्याची चित्रं होती. ती कागदांवर चष्मा ठेवून उठून गेली. मी स्वयंपाकघरात तिच्या मागे गेले. ती गॅलरीत गेली तर तिथेही गेले. शेवटी माझ्या तोंडून ते निघालं.

"बाबांच्या वेळी उजवा पडला होता ना? काय झालं मग?"

बाबा गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोडाऊनवर वॉचमन होते. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. आई रातोरात एसटीने गावी गेली, कौल घेऊन आली. उजवा. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हसून सांगितलं की सगळं व्यवस्थित. नवव्या दिवशी जखम आतून चिघळून बाबा गेले. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. त्या दिवशी मी देवघराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, आणि पुढे लॅबचा कोर्स केला. बावीस वर्षांत हे वाक्य मी आईला एकदाही ऐकवलं नव्हतं. तिला ते लागेल हे माहीत होतं म्हणूनच सोमवारी ऐकवलं.

आईने गॅलरीतले वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, माझे माझ्या कपाटात ठेवले. रात्री नेहमीसारखं जेवायला वाढलं.

मंगळवारी मी कामावर गेले. सकाळीच एक प्रकरण झालं. काही काचांना खास रंग द्यावे लागतात. त्यांच्यासोबत आम्ही एक माहितीतली काच रंगवतो, जिचं उत्तर आधीपासून ठाऊक असतं. तिला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलला रंग नीट चढला नाही तर बाकीच्या काचा कितीही छान दिसोत, सगळ्या रद्द. त्या दिवशी कंट्रोल फिकी आली. शेजारची बाई म्हणाली, "अगं, पेशंटच्या मस्त आल्यात, जाऊ दे ना. परत करायचं म्हणजे दुपार जाईल."

मी तिच्यावर केवढ्याने खेकसले. "मस्त आल्यात म्हणजे काय? आपल्याला हव्या तशा आल्यात एवढंच. कंट्रोल गेली म्हणजे सगळं गेलं. हे काय मी तुला शिकवायचं?" ती बिचारी खाली मान घालून पुन्हा कामाला लागली.

त्यानंतर अर्ध्या तासात मी जिन्यात जाऊन गावच्या गुरवाला फोन लावला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

गुरवकाकांचा आवाज तसाच होता, लहानपणी ऐकलेला, सावकाश. मी ओळख दिली. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"काका, आईचा कौल परत एकदा लावा."

"तोच प्रश्न परत लावूचो नसता, बाय."

"मग लावू नका. फक्त आईला फोन करा आणि सांगा की चूक झाली होती, उजवा पडला होता."

काकांनी कोंबड्यांना हाकललं. मी थांबले नाही.

"काका, तिचा जीव जाईल. गुरुवारी ऑपरेशन आहे. तुमचं ऐकेल ती. एक वाक्य बोलायचंय फक्त."

"तू खय कामाक आसस?" त्यांनी विचारलं.

"लॅबमध्ये. कॅन्सर आहे की नाही ते बघतात तिथे."

"कोण इलो आणि म्हणालो, माझी आवस भियाता, तिचो रिपोर्ट बरो लिवान देवा, एक वळ लिवची आसा फक्त. देतलास?"

मला लाज वाटली की ती आधी रागच होऊन येते. मी म्हटलं, "आमचा रिपोर्ट खरा असतो, काका. तुमची पाकळी ओली असते, सुकली की पडते."

मला वाटलं आता ते चिडतील. चिडले नाहीत. "व्हय, सुकली की पडता," ते म्हणाले. "पण माझ्या मनात उत्तर आसला तर माझो हात एका बाजूक जास्त दाबता. ता माका म्हायत आसा. म्हणान लावताना मी डोळे मिटतंय. माणूस कोण, तेका काय व्हया, ता मनात आणणंय नाय. तू सांगतंस तसा एकदा केलंय तर मगे माझो हात माझोच ऱ्हवाचो नाय."

वडीवर नंबर असतो, नाव नसतं. मी जिन्याचा कठडा धरून उभी होते. वीस वर्षं मी ज्या माणसाची टिंगल केली, तो माझ्याच धंद्यातली गोष्ट मला समजावून सांगत होता, आणि मी त्याला ती मोडायला सांगत होते.

"आणि डावो पडलो तो बरोच झालो," ते पुढे म्हणाले. "तुका उजवो कित्याक व्हयो?"

"म्हणजे?"

"तुझ्या आवशीन इचारल्यान, न कापता बरी होतलंय काय. डावो पडलो. म्हणजे नाय. कापूकच व्हया. मगे मी म्हटलंय, आता दुसरो लावतंय, तू जगतलंस काय तो. तर नको म्हणाली आणि फोन ठेवल्यान. तुका सांगूक नाय तिना?"

सांगितलं नव्हतं. म्हणजे देवीने ऑपरेशनला होयच म्हटलं होतं, शंभर टक्के माझ्या बाजूने, डॉक्टरबाईंच्या बाजूने. आणि आईने त्यातला 'नाही' तेवढा उचलून मला दिला होता. मी काकांचे आभार मानले की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच मानले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई जमिनीवर पेपर पसरून सोडे निवडत बसली होती. कुलाब्याच्या कोळीवाड्यातून आणलेले सुके सोडे, ती दर पंधरवड्याला आणते. मी चप्पल न काढताच समोर बसले.

"गुरवकाकांशी बोलले मी."

तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तू काय विचारलंस देवीला? आणि मला काय सांगितलंस?"

"डावो पडलो सांगलंय. खोटा काय सांगलंय?"

"आई!"

तिने हातातला सोडा पेपरवर ठेवला. "काल तू म्हणालंस, बापाशीच्या वेळेक उजवो पडलो, काय झाला. बावीस वर्सा मी त्येचोच इचार करतंय. देवीन खोटा सांगूक नाय. मीच चुकलंय. मी इचारलंय, ऑपरेशन करूचा काय. ती म्हणाली, कर. ता बरोबरच होता, नायतर ते त्याच हप्त्यात जातले होते, डॉक्टर पण तसाच म्हणालो. वाचतले काय, ता मी इचारूकच नाय. इचारलंय नाय तर ती सांगतली कशी?"

रोज लॅबमध्ये मी हेच सांगते. डॉक्टर फॉर्मवर एक तपासणी लिहितात आणि रिपोर्ट आल्यावर फोन करून विचारतात, मग अमुक का नाही कळलं? तुम्ही ते विचारलंच नव्हतं, असं आम्ही उत्तर देतो. जे विचारलं त्याचंच उत्तर काचेवर येतं. आमच्या आईला, सातवी झालेल्या बाईला, हे बावीस वर्षांपूर्वी कळलं होतं आणि ती ते एकटीच उगाळत बसली होती. माझी समजूत अशी की तिला देवावरून बोललं तर राग येतो. तिला राग येत नव्हता. ती चूक शोधत होती.

"मग या वेळी विचारायचं होतंस ना, वाचेन का म्हणून."

"ताच इचारूचा होता. आधी न कापण्याचा इचारलंय, ता नाय इला. मगे गुरव म्हणालो, आता दुसरो लावतंय. तोंडार इलो होतो प्रश्न." तिने पदर तोंडाला लावला. "भियालंय, बाय. डावो पडलो असतो तर?"

"मला सांगायचं ना. भीती वाटते म्हणून सांगायचं. देवी नको म्हणते असं कशाला?"

"तुका?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "तुका सांगलंय असतंय तर तू कागद घेवन इलंस असतंस."

बारा कागद अजून टीपॉयवरच होते, तिने त्यांच्यावर पाण्याचा तांब्याही ठेवला होता. देवीचं नाव घेतल्याशिवाय या घरात घाबरायची सोय नव्हती, ती मीच ठेवली नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मी सोड्यांच्या वासाच्या त्या पेपरवरच हात टेकून बसले.

मग मी तिला माझं सांगितलं. डॉक्टरबाईंना मी वही भरून प्रश्न विचारले, पण ती जगेल का हे विचारलं नाही. वहीत सगळ्यात वर लिहिलं होतं आणि विचारलं नाही. गाठीच्या रिपोर्टबरोबर एक दुसरा कागद आला होता. गाठ किती वेगाने वाढते आहे ते त्याच्यावर असतं. दुसऱ्यांचे असे कागद मी दिवसभर वाचते. हा मी तसाच घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. आठ दिवस तो माझ्याबरोबर लालबाग ते परळ जात-येत होता.

"वाचूक नाय तू?" आईने विचारलं.

"नाही."

"कित्याक?"

"तू का फोन ठेवलास?"

आईला हसू आलं. मलाही आलं, आणि मग आम्ही दोघी रडलो, चांगल्या मोठ्याने. समोरच्या ब्लॉकमधली बाई काय झालं म्हणून बघायला आली आणि आई तिला म्हणाली की सोड्यातली मिरची डोळ्यात गेली. सोड्यात मिरची नसते हे त्या बाईलाही ठाऊक असणार. ती गेली.

"मगे गुरवारी जावया," आई म्हणाली. मी तिला पटवलं नव्हतं. आदल्या दिवशीचे मुद्दे मी एकदाही काढले नव्हते.

गुरुवारी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत तिला हिरवा झगा घालून झोपवलं. तिच्या हातातल्या बांगड्या माझ्या हातात होत्या. अंगाऱ्याची पुडी परिचारिकेने बाहेर ठेवायला सांगितली होती, ती माझ्या मुठीत होती. आई म्हणाली, "गाऱ्हाणा घाल."

"मला येत नाही गं. काकांना फोन लावू?"

"तुझ्या तोंडान घाल."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला उभ्याने सांगितलेली अडचण. एक जण सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मला त्याची सुरुवात तेवढी आठवत होती. मी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सुरू केलं. "बा देवी म्हाराजा, ही तुझी लेक आज इथे झोपली आहे."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

पुढचं मला येईना. मग मला जे येतं तेच मी बोलले. "हिचं हिमोग्लोबिन अकरा आहे, साखर ताब्यात आहे. गाठ डाव्या बाजूला आहे, उजव्या नाही, ते सगळ्यांच्या लक्षात राहू दे."

"व्हय म्हाराजा."

"भूल देणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष हिच्या श्वासावर राहू दे. डॉक्टरबाईंचा हात हलका राहू दे. कापलंय तेवढं सुकू दे. जखम चिघळू देऊ नको."

या वेळी 'व्हय म्हाराजा' दोघींनी म्हटलं. कोपऱ्यात चादरी लावणारी आया आमच्याच बाजूची निघाली. तिने हात जोडले आणि लगेच पुन्हा चादरी लावायला लागली. मला देवी दिसली वगैरे काही नाही. पण माझ्या लक्षात आलं की हे आमच्या लॅबच्या फॉर्मसारखंच आहे: माणूस कोण, त्रास काय, हवं काय, एकही गोष्ट लपवायची नाही. मला वाटायचं, गाऱ्हाणं घालणारे लोक वस्तुस्थितीपासून पळतात. वस्तुस्थिती इतकी उघड मी आईसमोर कधी बोललेच नव्हते.

तीन तास मी त्या पुडीला मुठीत धरून बाकावर बसले. पुडीचा कागद घामाने भिजला. ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन हसून सांगितलं की सगळं व्यवस्थित आहे. बाबांचे डॉक्टरही असेच हसले होते. पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी आईची जखम पाहिली. दहाव्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तोपर्यंत तिच्या काखेतल्या ग्रंथी आमच्या लॅबमध्ये मेणात बसल्या होत्या, कापल्या गेल्या होत्या, रंगल्या होत्या. मी त्यांना हात लावला नाही. त्याच दिवशी दुपारी मॅडमनी बोलावलं. दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा मायक्रोस्कोप आहे त्यांच्याकडे. "बघतेस, की मी सांगू?"

मी बसले. आधी कंट्रोल पाहिली, ती ठीक होती. मग डोळे मिटले. 'नसू दे' असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते म्हणण्यात अर्थ नव्हता. जे होतं ते आता काचेवर होतंच, कुणाच्या म्हणण्याने हलणार नव्हतं. म्हणून मी एवढंच मागितलं की जे आहे ते मला दिसू दे, मला हवं ते नको. हे मी देवीला म्हटलं. मॅडमच्या शेजारी बसून, पांढरा कोट घालून, म्हटलं. कप्प्यांमधलं दार कधी उघडलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या क्षणी मला दोन्हीकडे एकच शिस्त दिसत होती: विचारायला भ्यायचं नाही आणि आलेल्या उत्तराला बोट लावायचं नाही. मग मी डोळे उघडले.

दोन ग्रंथींमध्ये होतं.

घरी गेले तेव्हा आई खिडकीपाशी उशी घेऊन बसली होती. मी तिला कागद दाखवला नाही. तोंडानेच सांगितलं. दोन ठिकाणी पोचलेलं होतं, ते काढून टाकलं आहे, आता औषधं सुरू होतील, केस जातील, सहा महिने तरी. पर्समधला तो दुसरा कागदही मी सकाळी वाचला होता, तोही सांगितला. वेग मध्यम. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

"मी वाचतलंय काय?"

माझ्याकडे टक्केवारी होती. डॉक्टरबाईंनी या वेळी मी विचारल्यावर सांगितली होती, बरीच चांगली होती. मी ती आधी सांगितली. आई मान हलवून म्हणाली, "ता लोकांचा. माझा सांग."

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

मला वाटलं रडेल. मग तिने उशी जरा सरकवली आणि शेजारी जागा केली.

"पाकळी कधीकधी पडतच नाय," ती म्हणाली. "तेव्हा गुरव उठान जाणा नाय. थयच बसता."

मी पर्स खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.